पान सत्तावीसवरची ओळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं बदललं ते आज दुपारी पावणेचारला. मुबशिरानं कीबोर्डवरचे हात उचलले, मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पुस्तकात लिवलंय तस्संच केलंय मी. मग चुकलं कोण?"

कॉलेजात होतो तोवर एकच ऐकलं – चुकलं की पोरगं चुकलं. पुस्तक चुकतं, असं कुणी कधी म्हणालं नाही. मीही कधी विचारलं नाही.

उचगावच्या आमच्या वाचनालयात मार्चपासून मुलींसाठी वेब प्रोग्रॅमिंगचा वर्ग आहे. चौदाजणी. शिकवणारा शनिवारीच येणार, म्हणजे बाकीचे दिवस पुस्तकावरच भिस्त. तीन पुस्तकं आणलीत, त्यातलं एक ठरवायचं. सयाजीराव ग्रंथपाल मला म्हणाले, "अर्धं शिकून पळून आलास न्हवं? मग ते अर्धं तरी कामाला येऊ दे की." रागानं उठणारच होतो. तेवढ्यात म्हणाले, पुस्तक करून बघायला वर्गात नाव घातलेली शिवणवाली मुबशिरा येणार. आणि जो पुस्तक ठरवेल, त्यालाच रोज वर्गात मदतीला बसवायचं.

खाली बसलो.

त्यांची पद्धत अशी – एकानं पुस्तक उघडायचं, लिहिलंय तसं करायचं. दुसऱ्यानं मागं बसून कुठं अडलं ते वहीत लिहायचं. "मागच्यानं तोंड बंद ठेवायचं. तू बोललास की ती पुस्तकाची परीक्षा राहत न्हाय, नौमान." – तोंड बंद ठेवायला मला सांगतायत!

४ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. लिहितो.

काल लाल पुस्तक होतं. इंग्रजी, जाडजूड. कॉलेज सोडल्यावर चार वर्षांपूर्वी मी त्याच्यावरच शिकलो, त्यामुळं माझं लाडकं. मुबशिरा बोट ठेवून ठेवून पान सत्तावीसपर्यंत आली. तिथली एक ओळ आता जुनी झालीय, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत चालतच नाही. स्क्रीनभर लाल अक्षरं. तिनं परत टाइप केलं. परत लाल. मग तो प्रश्न विचारला आणि डोळे भरले तिचे. पाणी प्यायला बाहेर गेली.

मी उठलो, स्क्रीनवरची ती एक ओळ बदलली, जागेवर येऊन बसलो.

ती आली, परत चालवून बघितलं – आणि उघडलं पान! नाव लिहायचा चौकोन, खाली बटण. एवढी हसली, एवढी हसली! "आलं की ओ! आपोआप आलं!" वहीत मी लिहिलं : पान २७ – अडलं नाही.

अर्धं मिनिट लागलं असेल. काय बिघडलं त्यात?

५ फेब्रुवारी

हिरवं पुस्तक बाद. कुणीतरी मशीनकडून भाषांतर करून तसंच छापलंय. मुबशिरानं पहिलं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मराठीच हाय न्हवं ही?" सयाजीरावांच्या बशीतला चहा सांडला हसून.

६ फेब्रुवारी

दोन वर्षांत अम्मीचे तीन ड्रेस विनाकारण अल्टर करायला नेलेत मी तिच्याकडं. अम्मी म्हणते, "मी बारीक झालेय का जाडी, एकदा ठरव." मुबशिरा मला नौमानभाई म्हणते. प्रत्येक वाक्यात एकदा तरी. ते 'भाई' काढायचं शिकवणारं पुस्तक कुठं मिळेल?

७ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं पुस्तक निळं. मराठी, पातळ. लेखकाचं नाव वाचलं आणि कानशिलं तापली. चौगुले सर!

तिसरं सेमिस्टर. सर भराभर फळ्यावर लिहीत सुटलेले. मी ओरडून विचारलं, "सर, फाईल ठेवायची कुठं ते तरी आधी सांगा की!" वर्ग हसला. सर म्हणाले, "एवढं डोक्यात जात नसेल तर बाहेर जा." गेलो. दार असं आदळलं की वरची काच खाली आली. त्यानंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. अब्बा महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी.

निळं पुस्तक बाद. उघडायच्या आधीच ठरवून टाकलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ती निळ्या पुस्तकावर बसली. दर चार ओळींनंतर त्यात लिहिलंय – आता स्क्रीनवर असं दिसायला हवं. दिसत नसेल तर या तीन जागा तपासा. मुबशिरा म्हणाली, "हे शिवणासारखं हाय, नौमानभाई. बाही लावली की उलटं करून बघ म्हणायची माझी मास्तरीण. पुढं गेल्यावर उसवण्यापेक्षा." पान एकतीसला थोडी अडली, चव्वेचाळीसला थोडी. दोन्ही वेळा पुस्तकातच बघून तिची ती सुटली. मी दोन्ही जागा वहीत लिहिल्या. जरा जोर देऊनच लिहिल्या.

मधे पान बाराला खाली बारीक अक्षरात टीप होती. ती मोठ्यानं वाचली तिनं. "फाईल कुठे ठेवायची हे आधी ठरवा. वर्गात एका मुलाने मला हे विचारले होते. मी त्याला बाहेर काढले. प्रश्न बरोबर होता."

"बिचारा!" मुबशिरा म्हणाली. "कोण असंल ओ?"

मागच्यानं तोंड बंद ठेवायचं, हा नियमच होता. मग उठून बाहेर गेलो आणि सायकलींपाशी उभा राहिलो बराच वेळ.

१० फेब्रुवारी

प्रश्न बरोबर होता. – चार वर्षं लागली!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सयाजीरावांनी वही चाळली. "लाल कुठंच अडलं न्हाय, निळं दोन ठिकाणी अडलं. मग लाल घ्यायचं म्हण की." रविवारी वाचनालयाच्या कमिटीची बैठक आहे. मी हो म्हणून मान हलवली. का हलवली?

मुबशिरा आज आली नाही. संध्याकाळी अम्मीचा चौथा ड्रेस घेऊन गेलो. ती मशीनवरून उठली नाही. लाल पुस्तक घरी नेलं होतं तिनं. तिच्या भावाच्या, झिशानच्या, लॅपटॉपवर पान सत्तावीस पाच वेळा केलं म्हणे. एकदाही उघडलं नाही.

"वाचनालयात आलं ते असंच आलं असणार. माझ्या डोक्यात जात न्हाय ते, नौमानभाई. वाचनालयातल्या काकांना सांगा, दुसरी कुणी बघा. वर्गातनं नाव काढतेय मी."

डोक्यात जात न्हाय.

तेच शब्द! सरांनी मला निदान तोंडावर म्हटलं होतं. मी तिच्या मागं बसून, तोंड बंद ठेवून, तिच्याच तोंडून वदवून घेतलं. ड्रेस तसाच घेऊन घरी आलो आणि भिंतीवर मूठ मारली. हात सुजलाय. त्यानं काय होणार आहे?

१४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. एका दमात. "तू बरोबर केलं होतंस. ओळ जुनी आहे. तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा मी बदलली."

कात्री खाली ठेवली तिनं. मला वाटलं होतं रडेल, किंवा 'असू दे' म्हणेल. मी मूर्ख!

"पाच येळा केलं मी. पाच! दोन दिवस सवताला येडी समजत बसलेय. मला जमंल का न्हाय, हे तू परस्पर ठरवणार, नौमान?"

पहिल्यांदा नुसतं नौमान. दोन वर्षं वाट बघितली त्याची. आणि ते असं आलं.

"निळ्या पुस्तकागत चार ओळींत सांगायचं हुतंस की, पुस्तक चुकलंय म्हणून. मी विचारलंच हुतं तुला."

विचारलं होतं. पावणेचारला.

१५ फेब्रुवारी, रविवार

कमिटीपुढं वही वाचली. 'पान २७ – अडलं नाही' खोडून लिहिलं : अडलं. ओळ जुनी. दुरुस्ती मी लपून केली. मग म्हणालो, निळं घ्या.

अध्यक्ष गणपतराव चष्मा काढून बघत राहिले. "मग वर्गात मदतीला तू नकोस, पोरा."

"व्हय," म्हणालो. आवाज चढला नाही. माझं मलाच नवल वाटलं.

मुबशिरा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसलेली. निळं पुस्तक उघडं, मागची खुर्ची रिकामी. एका जागी थांबली, पान मागं उलटून बघितलं, पुढं गेली. मी चपला घातल्या. तिनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"नौमान, जाताना दार लाव. वाऱ्यानं पानं उलटत्यात."

दाराला काच आहे. बाहेर आलो आणि हळू लावलं.