भावी संघाची हुकर

३ मार्च, मंगळवार

आजपासून आम्ही 'दुसरा संघ' नाही. रग्बी संघटनेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलंय — 'दुसरा' म्हटलं की मुलींचं खच्चीकरण होतं, म्हणून यापुढे आम्ही 'भावी राष्ट्रीय संघ'. मी चौतीस वर्षांची. आमची कप्तान दोन मुलांची आई. भावी!

जर्सी मात्र त्याच, पहिल्या संघाने गेल्या वर्षी वापरून टाकलेल्या. माझ्या पाठीवर नणंदेच्या नावावर पट्टी चिकटवलीय. धुतली की पट्टी सुटते आणि खालून नणंद डोकावते.

५ मार्च, गुरुवार

डोळ्याखाली काळंनिळं झालंय. मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक मलाच विचारतं, "चष्मा न लावता धडपडलात का?" मालक हळूच म्हणाले, "हो म्हणा. खप वाढेल."

८ मार्च, रविवार

ताई जेवायला आल्या होत्या. नवऱ्याची मोठी बहीण म्हणून घरात मान, पहिल्या संघात म्हणून दुप्पट मान. सासूबाई शेजारच्या काकूंना आमचा खेळ समजावत होत्या — "आठ-आठ जणी वाकून डोक्यात डोकी अडकवतात आणि रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत मधोमध असते ती हुकर. देशाची हुकर आमची मुलगी." मग माझ्याकडे बघून, "ही पण तेच करते. जरा खालच्या पायरीवर."

नवरा ताटात बघून जेवत राहिला. एकीकडे बहीण, एकीकडे बायको. बिचारा लग्नापासून रेफ्री आहे.

भांडी विसळताना ताईंच्या हातून पेला निसटला. मग दुसरा. मी बघतच राहिले. दार लोटून म्हणाल्या, "डाव्या हाताची बोटं बधिर होतात गं. मानेतून कळ येते. परदेश दौरा होऊ दे, तोवर कुणाला बोलू नकोस. माझी शपथ आहे."

मी मान हलवली. माझी हलते.

१२ मार्च, गुरुवार

शनिवारी पहिला संघ विरुद्ध आम्ही. परदेश दौऱ्याआधीचा सराव सामना. मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बाजूला घेतलं. "पहिल्या संघाचा आत्मविश्वास वाढवायचाय. तेव्हा हरायचं. पण मरगळून नाही — जिद्दीनं हरायचं."

कप्तान म्हणाली, "आणि चुकून जिंकलो तर?"

"तो शिस्तभंग धरला जाईल."

सगळ्या खिदळल्या. मला हसू येईना. शनिवारी ताईंच्या मानेवर आमच्या आठ जणींचा रेटा येणार, आणि तो पोचवणार मी. सांगितलं तर घरात म्हणतील, नणंदेच्या जागेवर डोळा होता. नाही सांगितलं, तर माझ्याच खांद्यानं काय होईल देव जाणे. इकडे आड, तिकडे विहीर.

खरं लिहायचं तर, डोळा आहेच. सात वर्षं आहे. पण असा नाही.

१४ मार्च, शनिवार

पहिला स्क्रम. ताईंचा गाल माझ्या गालाला घासला. श्वास तुटक येत होता, दात आवळून घेतल्यासारखा. मी रेटलंच नाही. आमची फळी मागे मागे सरकत गेली. मॅनेजरसाहेब टाळ्या वाजवत होते. प्रशिक्षकबाई ओरडल्या, "अगं, दुसऱ्यातसुद्धा दुसरी आहेस तू!"

दुसरा स्क्रम लागायच्या आधी मी सरळ उभी राहिले. रेषेबाहेर संघाच्या डॉक्टर बसल्या होत्या, त्यांच्याकडे चालत गेले. "त्यांची मान बघा. बोटं बधिर होतात. कालपरवाचं नाहीये हे."

सामना थांबला. ताईंना बाहेर बोलावलं. माझ्या जवळून गेल्या, बघितलंसुद्धा नाही.

गाडीत नवरा म्हणाला, "बरोबर केलंस." गिअर बदलला. मग, "आईला कोण सांगणार?"

१७ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आले. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेलीय. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी एक जोराचा हिसका बसता तर हात कायमचा गेला असता. ऑपरेशन करावंच लागणार. ताईंचा खेळ संपला.

सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. मला विसरल्या.

२० मार्च, शुक्रवार

निवड जाहीर. ताईंच्या जागी अध्यक्षांची भाची. गेल्या वर्षापर्यंत ती बॅडमिंटन खेळायची. तिची मान एकदम उत्तम आहे म्हणे.

मग मॅनेजरसाहेबांचा मला फोन. "खेळाडूची खासगी माहिती फोडल्याबद्दल तुम्हाला भावी संघातून मुक्त करण्यात येत आहे." म्हणजे आता मी भावीसुद्धा नाही, नुसतीच भूत.

सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "त्या भाचीला काय डोंबल रेटता येणार?" आणि उठून चहा टाकला. दोघींचा.

२९ मार्च, रविवार

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ताईंकडे गेले. गळ्यात पट्टा, बोटं हलतायत. मी म्हटलं, "ताई, तुमची शपथ मोडली मी."

"मोडशीलच, माहीत होतं. माझं मला थांबवत नव्हतं गं. आई ऐकून गप्प बसली असती, भाऊही. तोंडात तीळ न भिजणारी घरात तू एकटीच, म्हणून तर तुला सांगितलं."