कलम चौदाचा पहिला मानकरी

आदरणीय साडूबुवा यांस,

वयाने आपण माझ्यापेक्षा तेरा महिन्यांनी मोठे आहात म्हणून वाकून, आणि नात्याने आपण दोघे बरोबरीचे म्हणून नुसते हात जोडून, असे दोन्ही नमस्कार सोबत पाठवीत आहे. जो लागू असेल तो ठेवून घ्यावा. आपला गुडघा आता कसा आहे? (आपल्या मागील पत्रात तो उजवा होता, ताईंच्या परवाच्या फोनमध्ये डावा. दोन्ही दुखत असल्यास माझी सहानुभूती त्या प्रमाणात वाढवून घ्यावी. एकच असल्यास कोणता ते कळवावे, म्हणजे यापुढील चौकशी योग्य जागी करता येईल.) ताईंची प्रकृती उत्तम असणारच. सलग बावन्न मिनिटे फोनवर बोलू शकणाऱ्या व्यक्तीच्या फुप्फुसांविषयी काळजीचे कारण मला दिसत नाही.

हे पत्र लिहिण्यास ती बावन्न मिनिटेच कारणीभूत आहेत. मी शेजारच्या खोलीत चपलेचा अंगठा शिवत बसलो असता आमच्या सौ.चे आपल्या बहिणीला उद्देशून उच्चारलेले एक वाक्य माझ्या कानी पडले: "अगं, ह्यांना क्लबातून काढलं, आणि तेही तोंडामुळे!" या वाक्याचा पूर्वार्ध चुकीचा असून उत्तरार्ध अपुरा आहे. मला कोणीही काढलेले नाही. मी घटनेच्या कलम चौदा अन्वये खेळणाऱ्या सभासदांच्या वर्गातून बघणाऱ्या सभासदांच्या वर्गात गेलो आहे, आणि ते कलम मी स्वतः लिहिलेले आहे. आपल्यापर्यंत ही हकिकत दोन बहिणींमार्फत, म्हणजे दोनदा फोडणी बसून, पोहोचली असणार; म्हणून मूळ प्रत पाठवीत आहे.

माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाला आपण गो या खेळाचा पट आणि काळ्या-पांढऱ्या खड्यांच्या दोन वाट्या पाठवल्या होत्या, आणि सोबतच्या चिठ्ठीत 'तुमच्यासारख्या काटेकोर माणसाला हा खेळ आवडेल' असे लिहिले होते. (ते कौतुक होते की सूड, याचा निर्णय मी अद्याप राखून ठेवला आहे.) खेळ दिसायला निरुपद्रवी आहे. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा, त्यांच्या छेदांवर दोघांनी आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा, आणि ज्याने जास्त जागा घेरली तो जिंकला. खड्याच्या चारही बाजूंच्या मोकळ्या वाटा बंद झाल्या की तो उचलला जातो. वाणिज्य शाखेची पदवी आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या तक्रार विभागात अठ्ठावीस वर्षे काढलेल्या माणसाला एवढे सहज जमेल, असे मला वाटले. आता असे वाटत नाही.

क्लबचा पत्ता मला माझ्या दातांच्या डॉक्टरांनी दिला. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते एक हा क्लब भरतो आणि डॉक्टर त्याचे अध्यक्ष आहेत. माझ्या खालच्या दाढेत बोरू घातल्यासारखे काहीतरी फिरवीत असताना त्यांनी मला खेळातल्या रीतीभाती समजावून सांगितल्या. त्यांतली एक अशी, की खड्याची एकच वाट मोकळी उरली, म्हणजे पुढच्या चालीला तो उचलला जाणार अशी स्थिती आली, की तिला 'आतारी' म्हणतात. "आणि आतारी झालं की सांगायचं असतं बरं का," असे ते म्हणाले. कोणी, कोणाला, किती काळपर्यंत, हे उपप्रश्न मला तेव्हाच सुचले होते. परंतु तोंडात कापसाचे चार बोळे असल्याने ते विचारता आले नाहीत. घरी येऊन मी वहीत नोंद केली: 'आतारी झाल्यास सांगणे.' अपवाद नमूद नसेल तर नियम सर्वांना आणि सर्वकाळ लागू धरायचा, ही आमच्या विभागाची पद्धत आपण जाणताच.

या खेळात नवशिका तिसाव्या पायरीवरून सुरुवात करतो आणि सुधारत सुधारत पहिल्या पायरीकडे येतो. माझे टेबल दाराजवळचे, तिसाव्या पायरीचे. क्लबात एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत (सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणतात, आणि वरखाली होण्याची त्यांना सवयच आहे). ते तेव्हा चौदाव्या पायरीवर होते. त्यांच्याशी खेळताना मला नऊ खडे आगाऊ मांडून मिळत. म्हणजे धावण्याच्या शर्यतीत एकाने शेवटच्या दोरीपाशीच उभे राहून सुरुवात करावी, तसे. तरीही दोरीला त्यांचीच छाती लागत असे.

सुधारणेसाठी मी कसूर ठेवली नाही. डॉक्टर म्हणत, "एका कोपऱ्यात अडकू नका, सगळा पट बघा." लिफ्टवाले म्हणत, "पट कसला बघताय, आधी कोपरा सांभाळा." मी दोघांनी मिळून एक संयुक्त लेखी मत द्यावे अशी विनंती केली, ती अद्याप विचाराधीन आहे. घरी मी ओट्यावर डबे मांडून सराव करू लागलो, तेव्हा सौ.ने विचारले, "साखरेचा डबा चारी बाजूंनी का घेरलाय?" मी म्हटले, त्याची एक वाट मोकळी आहे. "मग त्याच वाटेनं तुम्ही बाहेर व्हा," असे उत्तर मिळाले. कचेरीतही अभ्यासाचा परिणाम दिसू लागला. आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाला मी भर बैठकीत, केवळ सदिच्छेने, "आपल्याला आता एकच वाट उरली आहे," असे बजावले. ते दुसऱ्या दिवसापासून आजारपणाच्या रजेवर गेले.

याच सुमारास क्लबला लेखी घटना असावी असा ठराव झाला आणि मसुद्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी एकूण बावीस कलमे लिहिली. त्यांतले चौदावे असे: 'जो सभासद सलग बारा महिन्यांत क्लबातील एकाही सभासदाविरुद्ध एकही डाव जिंकणार नाही, त्याचा खेळण्याचा हक्क संपुष्टात येऊन तो बघणारा सभासद होईल, त्यास बसण्याचा व चहा घेण्याचा हक्क राहील, बोलण्याचा राहणार नाही.' ढिलाई वाढू नये हा हेतू. हे कलम एकमताने संमत झाले. मतदानाच्या वेळी सगळ्यांचे चेहरे इतके प्रसन्न का होते, याचा विचार मी तेव्हा करायला हवा होता. मी त्याला माझ्या मसुद्याचे यश समजलो.

क्लबात येऊन मला अकरा महिने झाले. मी त्रेसष्ट डाव खेळलो आणि त्रेसष्ट हरलो. प्रत्येक पराभवाची कारणे मी वहीत तीन रंगांच्या शाईने लिहीत असे, परंतु खरे कारण तिन्ही रंगांत नव्हते. ते गेल्या महिन्यात नव्याने आलेल्या एका परिचारिकाबाईंनी शोधले. त्यांच्याशी माझा पहिलाच डाव. मी त्यांच्या एका खड्याची वाट अडवली आणि नेहमीप्रमाणे स्पष्ट आवाजात 'आतारी' म्हटले; त्यांनी खडा वाचवला. थोड्या वेळाने माझाच एक खडा संकटात आला. नियम दोन्ही बाजूंना लागू असल्यामुळे मी म्हणालो, "माझा हा खडा आता आपल्या हाती सापडू शकतो, कृपया नोंद घ्यावी." बाईंनी नोंद घेतली, खडा उचलला, आणि मग माझ्याकडे एखाद्या रुग्णाचा ताप पाहावा तसे पाहून विचारले, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं खेळताय?"

लिफ्टवाले छताकडे पाहू लागले (तिथे दुरुस्त करण्यासारखे काहीही नव्हते). शेवटी डॉक्टरांनी कबुली दिली, की आतारी सांगण्याची रीत फक्त अगदी नवशिक्याच्या सोयीसाठी, पहिल्या एक-दोन आठवड्यांपुरती असते. पुढे कोणी सांगत नाही. आणि स्वतःच्या खड्याचे संकट तर या खेळाच्या संपूर्ण इतिहासात कोणी जाहीर केल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही. मी विचारले, मग अकरा महिने मला सांगितले का नाही? डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही इतकं मनापासून सांगायचात, की मन मोडवेना." लिफ्टवाले जास्त प्रामाणिक निघाले. "खरं सांगू का साहेब, तुमच्यामुळे माझी नजर तयार झाली. चौदावरून नऊवर आलो की मी!" चौकशीअंती असे आढळले, की माझ्या एका वर्षाच्या परिश्रमाने संपूर्ण क्लब सुधारला होता. फक्त मी राहिलो होतो.

त्या दिवसापासून मी मौन धरले. यापुढे विजय अटळ आहे असे कोणालाही वाटले असते. परंतु पुढचे चार डाव मी पूर्वीपेक्षा मोठ्या फरकाने हरलो, आणि कारण शोधताना एक लाजिरवाणी गोष्ट निदर्शनास आली: मोठ्याने सांगत होतो तोवर निदान मला तरी ते दिसत होते. तोंड मिटले, की डोळेही मिटत. मग मी मनातल्या मनात सांगण्याचा सराव केला. ओठ हलत, आवाज नाही. परिचारिकाबाईंनी एकदा माझी नाडीही पाहून घेतली.

आता मूळ मुद्दा, म्हणजे गेला रविवार. माझ्या बारा महिन्यांतला तो शेवटचा दिवस, शेवटचा डाव, समोर लिफ्टवाले. आणि साडूबुवा, मी चांगला खेळलो. खोटे लिहिणार नाही, मी फार चांगला खेळलो. साडेबाराच्या सुमारास लिफ्टवाल्यांचा पंधरा खड्यांचा एक मोठा समूह मी घेरत आणला आणि माझ्या चालीने त्याला एकच वाट उरली. ते त्यांना दिसले नव्हते. ते दुसऱ्याच कोपऱ्यात नजर लावून हात वाटीत घालत होते. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. डॉक्टरांनी श्वास रोखला. परिचारिकाबाई माझ्याकडे पाहून मान हलवीत होत्या, नको, नको, अशा. मला फक्त गप्प बसायचे होते. तीन सेकंद, फार तर चार. त्रेसष्ट अधिक चार पराभव, तीन रंगांच्या शाया, दाराजवळच्या टेबलावरचा वारा, हे सगळे त्या चार सेकंदांत संपणार होते.

मी म्हणालो, "आतारी."

सवयीने म्हणालो की बुद्ध्या, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. एवढेच आठवते, की समोरचा माणूस खड्ड्याकडे पाठ करून उलट्या पावली चाललेला दिसत होता. लिफ्टवाल्यांनी दचकून खडा तिथे ठेवला, समूह वाचवला, आणि मी तीन गुणांनी हरलो. परिचारिकाबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला औषध नाही."

त्यानंतर जे झाले ते आपल्याला फोनवरून कळलेले नाही. लिफ्टवाले उभे राहून म्हणाले, "हा डाव मी हरलो असं लिहा." डॉक्टरांनी कलम चौदा रद्द करण्याचा ठराव मांडला. दोन्ही गोष्टी मला नाकाराव्या लागल्या. निकाल पटावर लागतो, तोंडी नव्हे. आणि कलम एकोणीसनुसार दुरुस्तीची सूचना पंधरा दिवस आधी लेखी यावी लागते. मी खुर्ची दारापासून उचलून भिंतीशी नेली आणि बघणारा सभासद म्हणून बसलो. चहा मिळाला. बोललो नाही. पाच मिनिटांनी लिफ्टवाल्यांच्या नव्या डावात एक आतारी दिसली, तेव्हा चहा नाकात गेला.

या सर्व प्रकारानंतर मी या खेळाचा नाद सोडला आहे. रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. घेरणे, अडवणे, उचलणे, आणि त्यालाच सुधारणा म्हणणे! माणसाने या वयात बागेत फिरावे. तरी आपण आणि ताईंनी मनात काही विपरीत आणू नये. ताईंना नमस्कार, गुडघ्याला आराम.

आपला स्नेहांकित,
आपला साडू

ता. क. (१) कलम चौदाचे पोटकलम इ असे आहे, की बघणाऱ्या सभासदाने बाहेरगावच्या, किमान विसाव्या पायरीच्या पाहुण्या खेळाडूचा दोन सभासदांसमक्ष पराभव केल्यास त्याचा खेळण्याचा हक्क परत मिळतो. प्रत्येक कौटुंबिक समारंभात आपण स्वतःला बाराव्या पायरीचे म्हणवता. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता आपण यावे. गाडीचे आरक्षण मी करून ठेवले आहे. गुडघ्याचा निश्चित तपशील नसल्याने दोन्ही बाजूंना पाय पसरता येईल अशी जागा घेतली आहे.

ता. क. (२) आपण मुद्दाम हरावे असे मी सुचवीत नाही. तसे झाल्यास मी निकाल अमान्य करीन. आपण नेहमी खेळता तसेच खेळावे. ताईंकडून आपल्या खेळाविषयी जे कानी आले आहे, त्यावरून तेवढे पुरेसे व्हावे. गैरसमजास जागा राहू नये म्हणून या पत्राची एक प्रत क्लबच्या फलकावर लावली आहे.

ता. क. (३) मी काळे खडे घेणार असून पहिला खडा उजव्या वरच्या कोपऱ्यात, चौथ्या रेघेवर ठेवणार आहे. आपण समोरच्या कोपऱ्यात गेलात तर मी डावीकडून येईन. न गेल्यास खालून. आपल्याला ऐनवेळी धावपळ नको म्हणून आधीच कळवीत आहे. तिसऱ्या चालीपासून मात्र मी काही एक सांगणार नाही.

तसा प्रयत्न करीन.