चार बोटं वर

मंगळवार, ९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. चार वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमीच.

बातमी अशी, की आपल्या गाडीला ठोकून गेलेली व्हॅन सापडली. डेंटिंगच्या मिस्त्रींनी तिच्या मागच्या पायरीला टेप लावून, दोनदा मोजून खात्री केली. म्हणजे आता शंका उरली नाही.

तुला मुळात कशाचाच पत्ता नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो. गाडी तीच, बाबांची. अजून दारासमोर झाडाखाली उभी असते, आणि बाबा दर रविवारी तिला अंघोळ घालतात. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी ते दूध आणायला उतरले आणि रिकामी पिशवी घेऊनच वर आले. म्हणाले, "कुणीतरी मारून गेलंय." मला वाटलं, माणसाला मारलं. खाली जाऊन बघतो तर पुढचं डावं मडगार्ड आत गेलेलं. चिठ्ठी नाही, फोन नंबर नाही. समोरच्या शिंप्याने काही पाहिलं नाही, वरच्या मजल्यावरच्या आजींनी सगळं पाहिलं होतं, पण ते दुसऱ्याच गाडीचं निघालं.

मी विमा कंपनीत अठरा वर्षं अपघातांचे कागद तपासतोय. अज्ञात वाहन सापडत नसतं, हे मला तोंडपाठ आहे. मी बाबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तुझे कागद राहू देत. मिस्त्रीला दाखवू."

ताई, हा माणूस तू बघायला हवा. साठीचा असेल. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. आला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून मडगार्डवरून हात फिरवला. डॉक्टर पोट तपासतात ना, तसा. मग म्हणाला, "रिव्हर्समध्ये मागे येणारी गाडी. उंच. मागे चढायला पायरी आहे, तिला तीन दांडे. हिरवा रंग, पण हातानं मारलेला, कंपनीचा नव्हे. चालवणारा उंचावर बसतो, त्याला हा कोपरा दिसतच नाही. आणि पायरीचं डावं टोक दोन बोटं वाकलेलं असणार." मी हसलो. म्हटलं, "मिस्त्री, चालवणाऱ्यानं सकाळी नाश्ता काय केला तेही सांगा." तो म्हणाला, "ते तुम्ही भेटल्यावर विचारा."

आणि भेटली की गं! गुरुवारी पहाटे, दूध यायच्या आधी गल्लीत कोणत्या गाड्या येतात ते बघायला, बाबा आणि मिस्त्री कोपऱ्यावर उभे राहिले, नाइलाजाने मीही. बेकरीची हिरवी व्हॅन आली. मागे तीन दांड्यांची पायरी, डावं टोक वाकलेलं. दोन बोटं! मी स्वतः बोटं लावून पाहिली. अंगावर काटा आला. देवळात येत नाही इतका.

चालवणारी एक बाई होती, तिशीची. मिस्त्रींनी टेप लावून पायरीची उंची दाखवली तेव्हा ती फुटपाथवरच बसली. "अहो, मला खरंच कळलं नाही हो. पाठीमागे ट्रे खडखडत असतात, काही ऐकूच येत नाही." मला अर्थातच पटलं नाही. हे वाक्य मी आठवड्यातून दहादा वाचतो. पण मिस्त्री म्हणाले, "खरं बोलतेय. पत्रा तेच सांगतो. ब्रेक नाही, झटका नाही, सावकाश टेकली आणि निघून गेली."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नसेल कळलं. होतं असं माणसाचं. ऊठ, कपडे मळतील."

ताई, एक मिनिटही लागलं नाही त्यांना. मी घड्याळाकडे पाहत नव्हतो, पण एक मिनिटही नाही.

हे लिहून मी मध्ये उठलो होतो. खिडकी उघडली, बंद केली. पुढचं लिहायचं टाळण्यासाठी घरात आणखी कामं शोधली, पण आजच नेमकी भांडीसुद्धा घासलेली आहेत.

शनिवारी गाडी मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. बाबा स्टुलावर बसले, मी दारात. मिस्त्रींनी रंग खरवडायला घेतला आणि जरा वेळाने थांबले. मडगार्डच्या पुढच्या टोकाला टिचकी मारली. आवाज बद्द आला. हातोडीचा हलका ठोका दिला, तर तळहाताएवढी पुट्टीची खपली खाली पडली. आत जुना मार. कुणीतरी पत्रा सरळ न करताच वर पुट्टी थापून रंगवून टाकलं होतं.

"हे कधीचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सव्वीस वर्षांपूर्वीचं," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीनं एका उभ्या गाडीला ठोकलं होतं. तिलाही कळलं नव्हतं."

मिस्त्रींनी चष्मा काढला. डोळे मिटले. मी दारातच होतो, ताई, आणि मला पळून जावंसं वाटलं. त्यांची बोटं त्या खड्ड्यातून इतकी सावकाश फिरली, की बाहेरच्या रस्त्याचा आवाजही मला ऐकू येईना.

"कळलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी टेप लावून दाखवलं. उभ्या गाडीच्या बंपरचा ठसा आपल्या मडगार्डवर जिथे उमटायला हवा होता, त्याच्या चार बोटं वर आहे. म्हणजे धडकताना आपल्या गाडीचं नाक खाली गेलं होतं. "गाडी नाक कधी खाली घालते? करकचून ब्रेक दाबला की. चालवणाऱ्यानं समोरची गाडी पाहिली होती. पायाला कळलं, म्हणजे माणसाला कळलं."

त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. सव्वीस वर्षं एक गोष्ट एका पत्र्याला ठाऊक होती, आणि एका माणसाच्या बोटांना ती वाचता आली. मी नुसता बघत राहिलो. मी आजवर जितके कागद तपासले, त्यातल्या एकालाही मी असा हात लावला नव्हता.

परतताना बाबांनी दूध घेतलं आणि पिशवी माझ्या हाती दिली. घराच्या जिन्यात म्हणाले, "ती खोटं का बोलली असेल रे?"

आता बघ, ताई, माझ्यावर काय वेळ आली. इतकी वर्षं बाबांच्या लेखी तू बेफिकीर होतीस. शनिवारपासून तू खोटारडीही झालीस. आणि मी त्यांच्या पाठीमागून दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होतो.

ती संध्याकाळ तुला माझ्याइतकीच आठवत असणार. मी सतरा वर्षांचा, लायसन्स नाही, बाबा बाहेर गेलेले म्हणून किल्ली उचलली. मागच्या गल्लीत चित्रकलेच्या बाईंची गाडी उभी होती. मी घरी आलो, तेव्हा तू दारात होतीस. मी म्हटलं, "मला कळलंच नाही गं, अंधार होता." तू म्हणालीस, "शेपट्या, तू गप्प बस. मी बघते." सकाळी बाईंच्या गाडीचं कळल्यावर बाबांनी मडगार्ड पाहून विचारलं, गाडी कुणी नेली होती, तर तू म्हणालीस, मी. त्यांनी विचारलं, ठोकल्याचं कळलंही नाही? तू म्हणालीस, नाही. माझंच वाक्य तू जसंच्या तसं पुढे दिलंस. बाबांनी तुझ्या हातातून किल्ली घेतली. लायसन्स मिळून तुला दोन महिने झाले होते, आणि नव्या नोकरीवर तू ती गाडी घेऊन जाणार होतीस. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावल्याचं मी पाहिलेलं नाही.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं नाही.

मला कळलं होतं. मी ब्रेक दाबला होता. गाडी थांबली, मी काचेतून पाहिलं, बाईंच्या गाडीचा मागचा दिवा फुटून लोंबत होता. मग मी आपल्या गाडीचे दिवे बंद केले, म्हणजे कुणाला नंबर दिसायला नको, आणि तसाच अंधारात मागे घेऊन निघून आलो. तू एका चुकलेल्या मुलाला पाठीशी घातलंस, असं तुला वाटत आलं. तो चुकलेला नव्हता, पळालेला होता.

आणि आई गेली तेव्हा सगळे नातेवाईक जमले होते. मावशींना स्टेशनवर कोण सोडणार असा विषय निघाला, तू सहज म्हणालीस, "मी जाऊ का?" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नको रे बाबा, ताईच्या हातून उभी गाडीसुद्धा सुटत नाही." सगळे हसले. बाबाही. तू नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू निघून गेलीस. माझ्या तोंडून ते कसं निघालं, हे मी चार वर्षं स्वतःला विचारतोय. उत्तर बरं नाही. एखादं खोटं इतकी वर्षं सांभाळलं, की ते आपल्यालाच खरं वाटून त्यावर विनोद सुचायला लागतात.

शनिवारनंतर दोन दिवस मी गप्प बसलो. काल संध्याकाळी सांगितलं. बाबा संत्रं सोलत होते. सोलायचे थांबले नाहीत. सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "दिवे?"

"बंद केले होते."

बराच वेळ त्यांनी फोडींवरचे पांढरे धागे काढले. मग म्हणाले, "स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तर तिला झोपेत कळायचं. ठोकल्याचं कळलं नाही, हे तिला शोभत नव्हतंच."

"मग तुम्ही तेव्हा पुन्हा का नाही विचारलंत?"

"उत्तर मिळालं होतं ना. मिळालेलं उत्तर कोण उलटून बघतो?" फोड बशीत ठेवत म्हणाले, "त्या बेकरीवालीला मी एका मिनिटात सोडलं. परक्या बाईला." संत्रं तसंच बशीत राहिलं.

आज सकाळी उठले ते थेट गॅरेजात. मिस्त्रींची एक रीत आहे. पत्रा ठोकून सरळ झाला की ते मालकाला बोलावतात, डोळे मिटून त्यावरून हात फिरवायला लावतात. कुठे खड्डा लागला नाही, असं मालक म्हणाला, तरच प्रायमर. मालकाचा हात लागल्याशिवाय ते रंगाचा डबाही उघडत नाहीत. या वेळी नवा-जुना, दोन्ही मार त्यांनी पार मुळापर्यंत काढलेत. पुट्टीचा कण नाही. मडगार्ड आरशासारखं झालंय. मिस्त्रींनी बाबांना पुढे बोलावलं. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, "माझा नको. मुलीचा हवा."

मिस्त्रींनी कारण विचारलं नाही. विचार करून म्हणाले, "उघडा पत्रा गंजतो, काका. तेलाचा हात देऊन ठेवतो. पंधरा दिवस धीर धरेल."

ताई, माफी मी इथे लिहीत नाही. ती पोस्टमनच्या हाती देण्याजोगी नाही. समोर उभं राहून मागेन, आणि तू नाही म्हणालीस तर तेही उभं राहून ऐकेन. चित्रकलेच्या बाई दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेल्यात. उद्या त्यांच्याकडेही जायचंय.

मिस्त्री रोज सकाळी जुनं तेल पुसून नवं लावणार आहेत, मंगळवार २३ तारखेपर्यंत. तू कळवशील त्या बसला बाबा स्वतः स्टँडवर येतील, गुडघ्यासकट. तिथून गॅरेज. रंग सुकला की गाडी घरी कुणी आणायची, हेही त्यांनी ठरवून टाकलंय. मी विचारलं, "तिचं लायसन्स अजून चालू असेल का?" ते म्हणाले, "विचारून घे."

तर विचारतोय. कळव.

तुझ्या पाठीमागून आता पुढे येऊन उभा राहिलेला,
शेपट्या