नुकसान: शून्य

माय, मागच्या महिन्यात मी तुझ्यावर वर्गात बोलले आणि अख्खा वर्ग हसला. वर्ग म्हणजे कॉलेजचा. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, स्वतःची पोरगी नोकरीला लागल्यावर, तुझ्या धाकटीने एमबीएला नाव घातलंय. दर रविवारी पेपरातल्या सदरात लोकांना टोमणे मारून पोट भरत नाही, म्हणून एरवी पतसंस्थेत बसते, आणि तिथे वरची खुर्ची हवी तर डिग्री लागते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी पोरीच्या वयाच्या मुलांशेजारी बसून कंपनीने भांडवल कुठून उभं करावं, कर्ज किती पेलावं हे शिकते. त्याहून मला आवडतो तो ऑपरेशनल रिस्कचा पेपर. रोजचं काम कशाने अडेल याचा आधीच विचार करायचा: माणसाने, यंत्राने, कामाच्या पद्धतीने की बाहेरच्या आफतीने. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्यासाठी फी भरली व्हय गं?"

त्यात एक धडा आहे. सगळा धंदा एकाच माणसावर उभा असेल आणि तो माणूसच पडला, तर काय? याला की-पर्सन रिस्क म्हणतात. सरांनी उदाहरणं मागितली. पोरांनी मोठमोठ्या कंपन्या काढल्या, मी तुझी मेस काढली. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या बोळातली. दुकानांतले मुनीम आणि मंठा-भोकरदनहून शिकायला आलेली पोरं जेवायची ती. तुझ्या पायावर उकळत्या वरणाचं पातेलं सांडलं, तो दिवस सांगितला. तू बाजेवर पडलेली, पाय उशीवर, आणि तिथूनच ओरडतेस, "मीठ बघा गं, मेसवाले खोळंबून राह्यले." तुझा आवाज मी हुबेहूब काढते, तुला माहीतच आहे. शेवटी तुझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "चूल एक सांज बी बंद राह्यली न्हाई," आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं, नुकसान: शून्य. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, यावरच प्रोजेक्ट करा. मी फुगले आणि व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

सगळ्यांनी अंगठे दाखवले. ताईचं काहीच आलं नाही. मग ती मंठ्याहून दवाखान्याच्या कामाला आली आणि माझ्याकडे जेवायला थांबली. मी पोळ्या लाटत होते, ती भाजत होती.

"तुझा व्हिडिओ बघितला," ती म्हणाली. "मायचा आवाज बराबर काढला."

"मग एक शब्द तरी टाकायचास."

"माय बाजेवर व्हती, हे सांगितलं. चुलीपुढं कोण व्हतं, ते गाळलं. चूल काय आपोआप पेटत व्हती का?"

"अगं, तू होतीसच की."

"व्हते ना. परीक्षेला नव्हते." तिने पोळी उलटवली. "एवढं शिकून राह्यली, नुकसान शून्य मांडलं. मंग माझी धाव्वी कुठं मांडली, बाई?"

मी पुढचा उंडा लाटायला घेतला. मी विसरले होते असं नाही. परीक्षेच्या त्या सकाळी ताई चुलीपुढे आहे, कपाळाला पीठ, आणि तिनेच भरलेला डबा घेऊन मी शाळेला निघते. बोळाच्या तोंडाशी तिच्या वर्गातल्या मुली पॅड आणि कंपासपेटी घेऊन उभ्या. त्यातली एक विचारते, "तुझी ताई कुठंय?" मी म्हणते, "तिला काम आहे." तू म्हणाली होतीस, पुढच्या साली बसवू. पुढच्या साली तिला बघायला पाहुणे आले.

माय, चूल बंद न राहिल्याचं ते वाक्य तुझंच. भाजीवालीपासून पाहुण्यांपर्यंत तू ते सगळ्यांना ऐकवायचीस, आणि ताई तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. तुला तिची दहावी दिसलीच नव्हती, की दिसली होती म्हणून एवढ्या मोठ्याने सांगायचीस? मी लोकांच्या प्रत्येक वाक्यात खोट काढते. तुझ्या या एकात काढली नाही, कारण त्यावर हशा पिकत होता.

प्रोजेक्टात मी शून्य खोडलं आणि ताईची दहावी लिहिली. सर भला माणूस. म्हणाले, "मॅडम, सिस्टरची दहावी हा फॅमिलीचा लॉस झाला, मेसचा न्हाई. तेवढं बाहेर ठेवा, उगं मार्क जातील." शास्त्राप्रमाणे त्यांचं बिलकुल बरोबर. घरची माणसं हिशेबात धरत नाहीत, म्हणून तर इतके धंदे फायद्यात दिसतात. हे त्यांना ऐकवलं आणि ओळ तशीच ठेवली. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "राहू दे मंग," आणि पोरीची तब्येत विचारली.

खरं तर हे सगळं तिलाच लिहायला हवं. तुला लिहिते, कारण तू उलटून बोलणार नाहीस. आणि एक गोष्ट तिला सांगायची माझी हिंमत नाही. तव्याकडे बघत तिने धाव्वीचं विचारलं ना, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की वाक्य झकास आहे, रविवारच्या सदरात शेवटी चालेल. लाज वाटली, ती त्यानंतर.