गाळणी बंद

ता. ४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अत्यंत गंभीर बाब कळवायची आहे. कारखान्यातला चहाचा कप लहान झाला. साथीआधी चार घोट बसायचे, आता अडीच. तिसऱ्याला अर्ध्यात दगा! बाकी भरभराट आहे. साऱ्या जगाला एकदम चुना हवाय. अकरा महिने थंड पडलेली भट्टी पेटली, मला परत बोलावलं. बुडालेलं सगळं तीन महिन्यांत भरून काढायचं, म्हणून चिमणीतली धूळ पकडणारी गाळणी बंद ठेवतोय. ती चालू असली की भट्टी रेंगाळते. साहेबांच्या मते हे तात्पुरतं आहे. गाळणीचा खटका माझ्या हाती दिलाय, बढतीच म्हण. भाऊजींचा दम कसा आहे? लोभ कपासारखा आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. १९ डिसेंबर

चि. धुरंधरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंधरवड्याने येतं, धूर मात्र रोज पोचतो, टपालवाल्यांनी शिकावं. भट्टी बंद होती तेव्हा हे गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे, वर शीळ घालायचे. आता पलंगापासून न्हाणीपर्यंत दोनदा बसतात. डॉक्टरीणबाईंनी हवा बदलायला सांगितलं. मी विचारलं, कुठल्या दुकानात मिळते? तुला काम मिळालं म्हणून यांचा श्वासाचा पंप येतो, आणि काम सुरू झालं म्हणूनच तो लागतो. रागवायचं कुणावर, तेवढं कळव. खटक्याला हात लावू नकोस, तुझ्या घरी दोन पोरी आहेत. कालपासून हे बोलत नाहीत, खुणा करतात. माया असू दे. पत्र लांबलं तरी चालेल, थांबू नये.

तुझी ताई

ता. २ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. सोमवारी सकाळपाळीत गाळणी चालू केली. सहा तास चालली, मग साहेबांच्या लक्षात आलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. खटक्यावर दुसरा माणूस बसवला, मला गोण्या शिवायला धाडलं. पगार निम्मा, म्हणजे पंपही महिन्याआड. नवा माणूस भला आहे. त्याची आई तुमच्याच गावात असते. गाळणी बंद आहे.

बेकारीत तुमच्याकडे राहिलो, तेव्हा भाऊजींनी खिडकीजवळची आपली जागा मला दिली होती. कधी बोलून दाखवलं नाही. त्या जागेची परतफेड हे सहा तास. त्यांना सांगू नकोस. सोमवारी वारा कुठल्या दिशेला होता, ते मी मुद्दामच पाहिलं नाही.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

तुझा धाकटा