सलगमाखाली

प्रिय अर्वी,

हे पत्रही टपालात पडणार नाही, म्हणून सरळ लिहितो.

घरामागची दलदल मी या उन्हाळ्यात आटवली. चर खणून पाणी ओढ्यात सोडलं आणि हरणांना चरायला सलगम पेरला. तू असतास तर म्हणाला असतास, "बेडकांचं घर मोडून हरणांना जेवण घालतोस होय रे?" आता बेडूक ओरडत नाहीत. सवय झाली.

चर खणताना गाळात बाबांची बंदूक सापडली. दस्त्यावर त्यांनी कोरलेलं नाव अजून वाचता येतं. हिवाळ्यात याच दलदलीवरचा बर्फ फुटून तू पाण्यात पडलास आणि ती हातातून सुटली, असं तू सांगितलं होतंस. एकवीस वर्षं झाली. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "विकून खाल्लीस आणि वर आम्हाला बर्फाच्या कथा सांगतोस." दुसऱ्या दिवशी तू घर सोडून डुलुथ शहराला निघून गेलास.

आईला बंदूक दाखवली नाही. माझ्या त्या बोलण्यावर ती अजून म्हणते, "ऑनी म्हणाला म्हणजे तसंच असणार."

मी ती होती तिथंच पुरली आणि वरून पेरणी केली.

कडाक्याची थंडी पडल्याशिवाय सलगम गोड होत नाही, तोवर हरीण त्याला तोंड लावत नाही. काल थंडी पडली. आज सकाळी मी मचाणावर होतो. एक हरिणी आली आणि नेमकी त्याच जागी खुरानं माती उकरायला लागली. मी नेम धरला नाही. ती किती खोल उकरते, तेवढंच बघत बसलो.

तुझा थोरला,
ऑनी