भिंतीपलीकडचा देश

९ जानेवारी २०२५, गुरुवार

पलीकडे दिवा लागला! सरोजिनीबाईच्या तुळशीपाशी. मधल्या भिंतीतली एक वीट निघाली आहे, त्या फटीतून दिसला. वात लहान, पण चांगली तेवत होती. मले इतका आनंद झाला की हातातला मटार सांडला.

शिशिर म्हणतो, "आई, तिथं कोणी नाही. मंदिराच्या लाइटचा चमका असेल." त्याचंही खरं. जुलैमध्ये ती पडली, कंबर मोडली, तिचा मुलगा यशदीप तिले पुण्याले घेऊन गेला. तेव्हापासून घराले कुलूप. पण चमका काय वाऱ्यानं हलते?

ती माझी मोठी जाऊ. बावीस वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. एक शब्द नाही. आता मी त्र्याहत्तरची, ती एक्क्याऐंशीची. दोघींपैकी एक जायच्या आधी तिनं एकदा बोलावं, बस. दुसरं काही मागत नाही मी देवाले.

दिवा लागला म्हणजे आली असेल ना ती? गुपचूप.

१० जानेवारी

आजही लागला. बरोबर साडेपाचले.

इराची परीक्षा आहे. नात माझी, एम.ए. करून राहिली, देशादेशांचे संबंध असा विषय. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात जात नाही, अन् मले ऐकल्याशिवाय करमत नाही. चौथी शिकलेली बाई मी, पण काय मजा आहे त्यात! युरोपात म्हणे तीस वर्षं नुसती मारामारी. माणसं संपत आली तेव्हा सगळे बसले, सोळाशे अठ्ठेचाळीस साली, अन् ठरवलं की ज्याचं घर त्याचा कारभार, दुसऱ्यानं डोकवायचं नाही. आजचे देश म्हणे त्यातूनच हळूहळू झाले.

मी विचारलं, भांडण झालं तर वर कोण? इराचं सगळं शिक्षण इथल्या हिंदीत, ती म्हणाली, "कोई नहीं आजी. सबके ऊपर कोई नहीं है. यही तो पूरा सब्जेक्ट है."

हे ऐकून थोडं कसंतरीच झालं. इतके मोठे मोठे देश, अन् वर कोणी वडीलधारं नाही.

१२ जानेवारी, रविवार

शिशिर शिडी लावून भिंतीवरून पाहून आला. माझ्या समाधानासाठी. अंगणात धूळ, एक पाऊल उमटलेलं नाही. दाराचं कुलूप गंजलं. तुळस वाळून काटकी झाली. "पणतीत तेल नाही," म्हणाला. मग हात झटकत म्हणाला, "वात मात्र काळी आहे."

जुनी असेल म्हणाला. हव, असेल.

संध्याकाळी लागलाच.

१३ जानेवारी

आजचा धडा ऐकून हसू आलं अन् मग आलं नाही. आपल्या देशाची फाळणी झाली तेव्हा रेघ मारायले एक गोरा साहेब आणला. त्यानं हा मुलूख कधी पाहिला नव्हता. पाच आठवड्यांत रेघ मारून गेला परत.

आमच्या वाटणीलेही असाच एक माणूस आला होता, फीत घेऊन. जेवण केलं, चुन्यानं रेघ मारली, गेला. बोरीचं झाड तिच्याकडे गेलं, पाण्याचा नळ आमच्याकडे. मग भिंत. तिनं दोन विटा चढवल्या की आम्ही दोन. आम्ही वर काचा लावल्या, तिनं तार ओढली. इरा म्हणे याले पुस्तकात नाव आहे. एक भितो म्हणून हत्यार घेतो, दुसरा ते पाहून भितो. दोघंही वाईट नसतात! पुस्तकात लिहिलं आहे म्हणे.

पण एक गोष्ट पुस्तकात नाही. त्या वर्षी मे महिन्यात तिनं नळाले पाइप लावला होता. ठरलं होतं तसं. तो मी काढून टाकला. तिचा माणूस म्हातारा, बुढ़ा तालाबाकडच्या हापशीवरून बादल्या आणे. मी खिडकीतून पाहत होती. हे मी कोणालेच सांगितलं नाही. यांनाही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आज वाटी दिली!

इरा जन्मली तेव्हा सरोजिनीबाईनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू पाठवले होते, पितळेच्या वाटीत. वाटीवर तिचं नाव कोरलेलं, काठाले पोचा. भांडं रिकामं परत करायचं नसते, म्हणून ठेवून घेतलं, काही गोड झालं की देऊ. तेवढ्यात भिंत झाली. तेव्हापासून ती माझ्या मांडणीवर. इरा तिच्यात दूधभात खाऊन मोठी झाली.

इरा म्हणते भांडणातही दूत पाठवतात, दूताले कोणी मारत नाही. दोन मोठे देश, दोघांजवळ सगळी दुनिया जाळायचे बॉम्ब, तेरा दिवस दुनिया अशी काठावर उभी होती. मग घाबरले अन् मध्ये एक तार टाकली, थेट एकमेकांशी बोलायले. फोन नाही, अक्षरं टाइप करायचं यंत्र. आवाज ऐकू येत नाही, निरोप पोचतो.

मग मी वाटी घासली, तिळाचे पाच लाडू भरले, काचा चुकवून भिंतीवर ठेवली. "नळाचं माझं चुकलं," असं म्हटलं पलीकडे. हळूच. ऐकायले कोण होतं.

१५ जानेवारी

वाटी नाही. लाडू नाहीत. शिशिर म्हणे बंदर. सूनबाई म्हणे मांजर. वाटी पलीकडच्या अंगणात पडली का, ते मी पाहायले लावलं. नाही.

दोघं उगाच कासावीस होऊन राहिले. मी तर दिवसभर गाणं म्हणत होती.

२१ जानेवारी

इरा आता सगळ्या देशांच्या पंचायतीवर आली आहे. पहिल्या मोठ्या लढाईनंतर एक केली, ज्यानं पुढे होऊन केली त्याचाच देश आत आला नाही. दुसऱ्या लढाईनंतर परत केली. तिथं पाच जण असे की एकानं जरी नाही म्हटलं की काम थांबलं. घरात सासरे होते तेव्हा आमच्याकडे असंच होतं, फक्त पाच नव्हते.

अन् एक आवडलं. देश नुसता असून भागत नाही, दुसऱ्यांनी त्याले मानावं लागते.

हे गेले तेव्हा सरोजिनीबाई आली नाही. रडणं ऐकू गेलं असेल, तरी आली नाही. पण दहा दिवस तिच्या तुळशीपाशी दिवा लागला नाही. सुतक पाळलं तिनं आमचं. मी रोज पाहत होती, मोजले दहा. अकराव्याले लागला. म्हणजे मानत होती. तापात, आजारपणात, कशातही तिचा दिवा चुकला नव्हता, फक्त ते दहा दिवस.

२७ जानेवारी, सोमवार

आज पलीकडे अंधार.

साडेसहापर्यंत फटीशी उभी होती. इरानं शाल आणून टाकली खांद्यावर. तिलेही सवय झाली होती, ती कधी बोलली नाही तरी. "आजी, आज नहीं जला?" एवढंच म्हणाली.

२८ जानेवारी

यशदीपचा फोन. शिशिरनं घेतला. मोठी आई काल संध्याकाळी पाचच्या पुढे गेली.

शिशिर माझ्याकडे पाहत होता, मी काय म्हणते म्हणून. मी म्हटलं, कळवलं ना त्यानं? मानलं. देवाचा दिवा लावू नको म्हणून सूनबाईले सांगितलं. दहा दिवस.

बोलली नाही ती शेवटी. राहूनच गेलं.

२ फेब्रुवारी

सुतक. दोन्हीकडे अंधार. आज पहिल्यांदा दोन्ही घरं सारखी दिसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

यशदीप आला, घर पाहायले. आमच्याकडेच जेवला. केस पांढरे झाले पोट्ट्याचे. म्हणाला, आई जुलैपासून पलंगावरून उठली नाही, पण रोज साडेपाच वाजले की म्हणे, "दिवा लावून आले." आम्ही हव म्हणायचो. अन् संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून हसायले लागली होती. काहून, ते सांगेना. जायच्या आधी माझ्यासाठी एकच म्हणाली, "शांतेले सांग, नळाचं ते पाणी कधीचंच मुरून गेलं."

मग पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. "ये उशाशी था. माँ ने कहा था काकी को ही देना, खाली मत देना, रिकामी नाही. पुण्यात आमच्याकडे असं भांडंच नव्हतं."

वाटी. तिचं नाव. काठाले पोचा.

आत बोरं. तिच्या अंगणातल्या बोरीची, ती लहान, आंबट, देठाशी हिरवं पान. पान अजून ओलं.

इरानं वाटी हातात घेतली, उलटी करून पाहिली, अन् खाली ठेवून दिली. कोणीच जेवलं नाही नीट. मी मात्र बोरं खाल्ली. सगळी. अशी चव बावीस वर्षांत लागली नव्हती.

१२ फेब्रुवारी

यशदीप पहाटेच गेला, कुलूप लावून. सकाळभर मी वाटी समोर ठेवून बसली होती. भांडं तिचं आहे, माझ्याकडे ठेवता येत नाही. रिकामंही देता येत नाही.

दुपारी डिंक तळला. लाडू वळले.

साडेपाच. पलीकडे दिवा लागला आहे. या वेळी भिंतीवर ठेवायची नाही म्हणते, हातातच द्यावी.

वाटी भरली. येते मी.